शंभर टक्के चार्ज, तरी रेंज पडते: बॅटरी आटली की हिशेब चुकला, आणि वॉरंटीत नेमकं काय बसतं

मार्च संपून ऊन तापायला लागलं की माझ्या इलेक्ट्रिक गाडीची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, पडायची. सर्व्हिस सेंटरला नेली की 'अपडेट मारून दिलाय सर' म्हणत परत मिळायची. पडद्यावर रेंज पुन्हा टवटवीत दिसायची आणि दीड-दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. २०२३ ला हेच, २०२४ ला हेच. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्याहून सोलापूरला घरी येताना मात्र सावळेश्वर टोल नाक्याच्या आसपास गाडीनं मला रस्त्याच्या कडेला बसवलं.

टेंभुर्णीला चार्जरवर रांग होती, म्हणून ५० टक्क्यांवरच काढली होती. सोलापूर तिथून नव्वदेक किलोमीटर. मोहोळ मागे पडलं तेव्हा १९ टक्के उरले होते. कमीच होते, पण पोचलो असतो. एसी बंद केला, काचा खाली केल्या. पुलाचा चढ लागला, जरा पाय दाबला आणि आकडा १९ वरून थेट ६ वर आला. मधले १८, १५, १० काही दिसलेच नाहीत. पडद्यावर पिवळं कासव उगवलं आणि ॲक्सिलरेटर मेला. मागून उसाच्या ट्रॅक्टरनं ओव्हरटेक केलं. गाडी घेतल्यापासून तेवढा अपमान झाला नव्हता.

त्या कासवापासून बॅटरीचं मॉड्यूल, म्हणजे आतला सेलचा एक गठ्ठा, बदलून मिळेपर्यंत चार महिने गेले. त्यातले निदान दोन माझ्याच चुकीनं वाया गेले, म्हणून हे सविस्तर लिहितोय. गाडीचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. हिशेब सोपा जावा म्हणून बॅटरी ४० युनिटची धरा. बॅटरीवर किलोवॅट-अवर लिहिलेलं असतं, ते आणि महावितरणच्या बिलातलं युनिट एकच. निम्मा गोंधळ एवढ्यावरच मिटतो.

आधी तिन्ही गोष्टी वेगळ्या करा

'रेंज कमी झाली' या तक्रारीमागे तीन वेगळे आजार असू शकतात. एक, पडद्यावरचा किलोमीटरचा अंदाज पडलाय. दोन, बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या बीएमएसचा हिशेब चुकलाय. तीन, बॅटरी खरोखरच आटलीय. वॉरंटीत बसण्याची शक्यता फक्त तिसऱ्याची.

सोलापूरकराला हे समजायला उजनी पुरे. पेपरात 'उजनी शंभर टक्के' छापून येतं, ते धरणातल्या सगळ्या पाण्याबद्दल नसतं. एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. टक्के मोजतात ते वरच्या साधारण ५३ टीएमसीचे, म्हणून तर उन्हाळ्यात आपलं धरण 'मायनस'मध्ये जातं. गाडीतही कंपनीनं खाली-वर थोडी जागा राखून ठेवलेली असते, आणि पडद्यावरचे टक्के असतात ते मधल्या, वापरायच्या भागाचे. शिवाय गाळ साचला तरी धरण शंभर टक्के भरतंच, पाणी तेवढं कमी मावतं. बॅटरीचंही तसंच. शंभर टक्के म्हणजे आज जेवढं मावतंय तेवढं भरलं. किती मावतंय ते त्या आकड्यावरून कळत नाही.

किलोमीटरचा अंदाज तर त्याहून चंचल. मागच्या काही किलोमीटरमध्ये तुम्ही कशी चालवली, यावरून तो पुढचं भाकीत करतो. कुटुंबाला घेऊन, एसी जोरात लावून तुळजापूरचा घाट चढून आलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी शंभर टक्क्यांवरही रेंज कमी दिसणारच. तीच गाडी चार दिवस जुळे सोलापूर ते सात रस्ता अशी रमतगमत फिरवा, आकडा आपोआप वर जातो. हा आकडा घेऊन वॉरंटीचं भांडण करायला जाऊ नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं आणि सेंटरवाल्यांनी मला चहा पाजून परत पाठवलं.

माझ्या मेहुण्याची गाडी घ्या. पंचेचाळीस हजार किलोमीटरवर रेंज एकदम पंधरा टक्क्यांनी पडली म्हणून तो बॅटरीच्या नावानं बोटं मोडत होता. विचारता विचारता कळलं, चारही टायर नुकतेच बदललेत. कंपनीचे टायर कमी घर्षणाचे होते. त्यानं दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याच मापाचे, पण जाडजूड, पकडीचे टायर टाकले, आणि हवाही पाच पॉइंट कमी. हवा नीट केल्यावर थोडी रेंज परत आली, बाकीची टायरनं खाल्ली ती खाल्लीच. बॅटरीला काही झालेलं नव्हतं. म्हणून आधी टायर, हवा, व्हील अलाइनमेंट, एसी आणि वेग बघा. हायवेला ८० ऐवजी ११० ने चालवलीत तर वाऱ्याचा विरोध एवढा वाढतो की सगळ्यात चांगल्या बॅटरीचीही रेंज पडते. आणि पडद्यावर चित्रविचित्र इशारे एकदम यायला लागले तर मोठ्या बॅटरीच्या आधी साधी १२ व्होल्टची बॅटरी तपासून घ्या. बऱ्याचदा सगळे घोटाळे तीच करते.

चुकलेला हिशेब कसा सुधारायचा

गाडीत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असेल तर हा भाग महत्त्वाचा. तिच्या सेलचा व्होल्टेज साधारण २० ते ८० टक्क्यांच्या मधे जवळजवळ सपाट असतो, ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास. त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून टाकी किती भरलीय ते बीएमएसला कळत नाही. आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला, याची बेरीज-वजाबाकी करत ते चालतं, आणि रोजची छोटी चूक साठत जाते. रोज ४० ते ७० च्या मधेच खेळवत राहिलात तर महिन्या-दोन महिन्यांत हिशेब भरकटतो. म्हणून एलएफपीवाल्या बऱ्याच कंपन्या ठरावीक दिवसांनी एकदा पूर्ण शंभरपर्यंत चार्ज करायला सांगतात. वरच्या टोकाला व्होल्टेज झपकन चढतो, तिथं बीएमएसला खूण सापडते आणि सेलही एका पातळीवर आणता येतात.

तर करायचं असं: एकदा १० टक्क्यांपर्यंत उतरवा, घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवरून रात्रभर सावकाश शंभरपर्यंत न्या, आणि शंभर दिसल्यावर लगेच पिन काढू नका. तास-दोन तास राहू द्या. असं दोन-तीनदा. फास्ट चार्जरवर हे होत नाही, तिथं सेल समपातळीत आणायला वेळच मिळत नाही. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टची) बॅटरी असेल तर शंभर टक्क्यांवर गाडी उन्हात उभी ठेवणं उलट नुकसानीचं. तिला रोजच्याला ८० पुरे, असा शंभरचा फेरा कधीतरीच, आणि झाल्या झाल्या गाडी बाहेर काढायची. आपली बॅटरी कुठली, हे मॅन्युअलमध्ये बघा. विक्रेत्याला विचारू नका. मला तिघांनी तीन उत्तरं दिली होती.

एवढं करून १९ वरून ६ अशी उडी थांबली, तर तुमचं दुखणं हिशेबाचंच होतं. माझी थांबली नाही.

सब-मीटरची वही

इथं मला नशिबानं साथ दिली, त्याचं श्रेय वहिनींना. आमचं घर एकत्र, वीजमीटर एकच. २०२१ च्या पाडव्याला गाडी आली तेव्हा वहिनी स्पष्ट बोलल्या, "भावजी, तुमच्या गाडीची वीज आमच्या बिलात नको." अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. तिथल्या शेडमध्ये पडलेला जुना सब-मीटर वायरमनकडून गाडीच्या सॉकेटला बसवून घेतला, आणि खाली एक शंभर पानी वही दोऱ्यानं लटकवली. तारीख, गाडीचे किलोमीटर, चार्जिंगआधीचे टक्के, नंतरचे टक्के, मीटरचं सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग. भावाशी हिशेब मिटवायला ठेवलेली ही वही पुढे वॉरंटीचा पुरावा झाली.

डिसेंबर २०२१ मध्ये १० ते १०० टक्के भरायला मीटरवर ४०.६ युनिट गेले होते. बॅटरीत ३६ च जायला हवेत, मग वरचे साडेचार कुठं गेले? ते गाडीतल्या चार्जरची उष्णता आणि बाकीच्या यंत्रणा खातात. घरच्या चार्जिंगला दहा-बारा टक्के असं जातंच. पण सॉकेट तोच, मीटर तोच, गाडी तीच असेल तर हे नुकसान दोन्ही वेळा जवळपास सारखं असतं. नव्या आकड्याला जुन्यानं भागलं की किती टक्के क्षमता उरली ते थेट कळतं. नुकसानीचा अंदाज बांधत बसावं लागत नाही.

मे २०२३ ला तोच फेरा ३८.९ चा झाला, म्हणजे ९६ टक्के. मे २०२४ ला ३६.४, सुमारे ९०. एप्रिल-मे २०२५ ला, कासवानंतर, तीन वेळा मोजलं: २८.४, २८.१, २८.३. म्हणजे ७० च्या काठावर. अडीच वर्षांत दहा टक्के गेले आणि मग एकाच वर्षात वीस, हे नैसर्गिक झिजेचं लक्षण नव्हे.

अपडेटचं गौडबंगालही याच वहीत उघडं पडलं. २०२४ ला अपडेटच्या आधी पडद्यावर शंभर टक्क्यांना २२८ किलोमीटर दिसत होते, नंतर २६२. पण १० ते १०० भरायला आधी ३६.४ युनिट गेले होते आणि अपडेटनंतर ३६.५. मावत होतं तेवढंच, नुसता अंदाज पुसून नव्यानं मांडला होता. दोन महिने गाडी चालवली की अंदाज पुन्हा खरेपणावर यायचा आणि मला वाटायचं, 'प्रॉब्लेम परत आला'. तो गेलाच कुठं होता?

मोजताना दोन पथ्यं पाळा. रात्री उशिरा किंवा पहाटे मोजा. भर उन्हात पंप आणि बॅटरी थंड करणारा कॉम्प्रेसर चार्जिंगच्या विजेवरच चालतो आणि युनिट फुगतात. आणि १० टक्क्यांपर्यंत उतरताना आकडा मधेच उडी मारतो का, ते बघत राहा. मारत असेल तर तो १० खरा नाही. पण ती उडी हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, मोबाइलवर तिचं शूटिंग करून ठेवा. गाडी दुसऱ्यानं चालवावी आणि शूटिंग तुम्ही करावं, हे सांगायला नको.

एक सेल, आणि अख्खी बॅटरी गार

पुढची पायरी ओबीडी डोंगलची. गाडीच्या कॉम्प्युटरमधला डेटा वाचणारं हजार-दोन हजाराचं यंत्र, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं आणि मोबाइलच्या ॲपवर वाचायचं. तुमच्या गाडीचा डेटा ॲपला वाचता येतो का, ते आधी बघा. फक्त वाचा, कुठलीही सेटिंग बदलू नका, आणि काम झाल्यावर काढून ठेवा. सेंटरला गाडी नेताना तर ते आत नकोच, आयतं निमित्त मिळतं.

बघायच्या दोनच गोष्टी: सगळ्यात जास्त व्होल्टेजचा सेल आणि सगळ्यात कमी व्होल्टेजचा. गाडी उभी असताना माझ्या बॅटरीत फरक किरकोळ दिसायचा. २० टक्क्यांवर आणून चढाला पाय दाबला की बाकीचे सेल ३.१ च्या वर आणि एक गट २.८ च्या खाली. दरवेळी तोच गट.

शंभराच्या आसपास सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. सगळ्यांतून करंट तोच जातो. त्यातला एक आधी रिकामा झाला की त्याला वाचवायला बीएमएस अख्ख्या बॅटरीला थांबवतं, मग बाकीच्या नव्व्याण्णवांत वीज असली तरी तिचा उपयोग नाही. आमच्या रॅपियर मागावर ताण्याचा एक धागा तुटला की ड्रॉपपिन पडते आणि माग जागच्या जागी उभा राहतो. बाकीचे हजारो धागे शाबूत असतात म्हणून माग चालत नाही. हे कळल्यावर माझी तक्रारच बदलली, आणि तक्रार बदलल्यावर उत्तरही. त्याकडे येतो.

आधी ऊन. बॅटरी दोन प्रकारे झिजते: वापरून, आणि नुसती उभी राहून. सेलच्या आत ग्राफाइटवर एक पातळ थर जमतो, तो जाड होत जातो तसं लिथियम त्यात अडकत जातं आणि तेवढी क्षमता कायमची जाते. उष्णतेत हे वेगानं होतं. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे ४२-४३ अंश, आणि माझी गाडी तीन वर्षं दिवसभर कारखान्याच्या पत्र्याखाली. पत्र्याखालच्या दुपारी आमचे कामगार पाठीला ओला टॉवेल गुंडाळतात, गाडीला कोण गुंडाळणार?

याची जुनी साक्ष अमेरिकेतल्या ॲरिझोनाची. निसानची लीफ गाडी २०१० च्या डिसेंबरात बाजारात आली, तिच्या बॅटरीला थंड करणारी वेगळी यंत्रणा नव्हती. २०१२ पर्यंत फिनिक्सच्या उन्हातल्या मालकांच्या क्षमतेच्या पट्ट्या भराभर गळायला लागल्या. ओरड झाली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि कंपनीनं आधीच्या गाड्यांनाही लागू होईल अशी क्षमतेची वॉरंटी दिली: पाच वर्षं किंवा ६०,००० मैलांत बारापैकी नऊ पट्ट्यांच्या खाली गेली तर बॅटरी दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. नऊ पट्ट्या म्हणजे साधारण ७० टक्के. या शब्दांतली मेख अशी की बॅटरी पुन्हा निदान नऊ पट्ट्यांवर आणून द्यायची हमी होती, नवीकोरी द्यायची नव्हती. आजही वॉरंटीचे बहुतेक कागद याच साच्यातले आहेत.

वॉरंटी पुस्तिकेत काय शोधायचं

जाहिरातीत '८ वर्षं, १ लाख ६० हजार किलोमीटर' एवढंच असतं, आणि आपण मनात म्हणतो आठ वर्षं काळजी नाही. पुस्तिका उघडा, बॅटरीचं पान काढा.

त्यात दोन दरवाजे असतात. पहिला दोषाचा: माल किंवा घडण सदोष निघाली तर दुरुस्ती फुकट. दुसरा क्षमतेचा: मुदतीत क्षमता ठरावीक टक्क्यांच्या खाली गेली तर. बऱ्याच कंपन्या ७० टक्के म्हणतात. पण काही पुस्तिकांत टक्क्यांचा उल्लेखच नसतो, उलट 'वापरानुसार क्षमता हळूहळू कमी होणे हे स्वाभाविक असून वॉरंटीत येत नाही' असं एक वाक्य असतं. तसं असेल तर तुम्हाला दुसरा दरवाजा नाहीच. गाडी घेण्याआधीच हे वाक्य वाचलं पाहिजे. मी तीन वर्षांनी वाचलं.

क्षमता कुणी आणि कशी मोजायची, हेही तिथंच असतं. जवळपास नेहमीच कंपनीच्या पद्धतीनं, कंपनीच्या यंत्रावर. म्हणजे माझी वही अंतिम निकाल देऊ शकत नव्हती. तिचा उपयोग कंपनीला नीट टेस्ट करायला भाग पाडण्यापुरता, आणि तो फार मोठा उपयोग आहे.

बाद होण्याच्या कारणांची यादी सगळीकडे सारखीच असते. बाहेरच्यानं पॅक उघडणं, पाण्यात बुडणं, अपघाताचा मार, मान्यता नसलेला चार्जर, गाडी महिनोनमहिने शून्यावर सोडून देणं, ठरलेली सर्व्हिसिंग चुकवणं, खासगी नोंदणीच्या गाडीवर भाड्याचा धंदा. सर्व्हिसिंगच्या पावत्या जपा. मी एक सर्व्हिसिंग दीड महिना उशिरा केलं होतं, आणि तेवढंच बोट धरून बसायचा प्रयत्न झाला.

बदलून मिळतं ते बहुतेकदा अख्खं पॅक नसतं, बिघडलेलं मॉड्यूल असतं, तेही कधी कधी दुरुस्त केलेलं. आणि नव्या भागाला सहसा नवी आठ वर्षं मिळत नाहीत, मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच पुढे चालते. गाडी जुनी घेणार असाल तर 'लाइफटाइम' शब्दाला भुलू नका. तो पहिल्या मालकापुरता असू शकतो, आणि लाइफटाइम म्हणजे किती वर्षं ते खाली बारीक अक्षरात असतं.

७० टक्क्यांच्या आकड्याला बाहेरचाही आधार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियम मंचानं २०२२ च्या मार्चमध्ये बॅटरीच्या टिकाऊपणाचा जागतिक नियम, क्रमांक २२, मंजूर केला: पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के, आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजारपर्यंत ७० टक्के क्षमता टिकली पाहिजे. हा नियम आपोआप कुठल्या देशाला लागत नाही, ज्या त्या देशानं आपल्या कायद्यात आणावा लागतो. त्यामुळे सेंटरला हा दाखवून हक्क मिळणार नाही, पण 'चार वर्षांत तीस टक्के जाणं नॉर्मल आहे सर' असं कुणी म्हणालं तर तोंडावर ठेवायला बरा पडतो.

मी कुठं चुकलो आणि कुठं जमलं

मे महिन्यात मी वही घेऊन गेलो आणि क्षमतेच्या दरवाज्यावर धडका मारल्या. त्यांनी यंत्र लावलं, एसओएच, म्हणजे बॅटरीची उरलेली क्षमता, ७८ टक्के दाखवला. "लिमिट सत्तर आहे सर, तुमची पास आहे." मी म्हटलं, माझ्या मीटरला सत्तरच्या खाली येतंय. तर म्हणाले, "तुमचा मीटर आम्ही कसा धरणार काका?" त्यांचंही चूक नव्हतं. पण तो ७८ हा बीएमएसचा स्वतःचा अंदाज होता, मोजलेला आकडा नव्हे. हे मला उशिरा उमगलं. जॉब कार्डवर त्यांनी 'रेंज लो, जनरल चेकअप' एवढंच खरडलं होतं आणि मी सही ठोकली होती. त्या चार शब्दांत माझे दोन महिने गेले.

जुलैमध्ये दुसऱ्यांदा गेलो तेव्हा रेंज हा शब्दच काढला नाही. जॉब कार्डवर लिहून घेतलं: 'चढावर १९ टक्क्यांवरून ६ टक्के अशी उडी, पॉवर कमी होऊन कासवाची खूण, तारीख अमुक, किलोमीटर ६१ हजार अमुक, चार वेळा घडले. लोडवर एका सेल गटाचा व्होल्टेज इतरांपेक्षा खूप कमी. लोडवर सेल व्होल्टेज तपासावा आणि पूर्ण डिस्चार्ज-चार्ज करून क्षमता मोजावी.' सल्लागार पोरगा म्हणाला, एवढं बसत नाही सिस्टिममध्ये. म्हटलं, बसेल तेवढं टाक, उरलेलं हातानं लिही आणि शिक्का मार. त्याच संध्याकाळी वहीच्या पानांचे फोटो, व्हिडिओ आणि जॉब कार्ड जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला. फोनवर बोललात तर काहीच उरत नाही. फोन झाला तरी 'आज आपण असं बोललो' असा ईमेल मागून टाकायचा.

टेस्ट पास झाली तर तिचे पैसे माझ्याकडून घेणार, असं सांगितलं होतं. ते मी लेखी घेतलं, किती पैसे तेही लेखी. गाडी दोन दिवस ठेवून घेतली. लोडवर तो गट त्यांच्या यंत्रावरही कोसळला आणि प्रकरण दोषाच्या कलमाखाली मंजूर झालं. क्षमतेच्या टक्क्यांवर वाद घालायची वेळच आली नाही. मॉड्यूल बाहेरून यायचं होतं, अकरा दिवस लागले. पैसे शून्य. गाडी नेताना त्यांच्याकडून तीन कागद मागून घ्या: आधीचा रिपोर्ट, नंतरचा रिपोर्ट, आणि बदललेल्या भागाचा नंबर असलेलं शून्य रकमेचं बिल. पुढे गाडी विकताना हे कागद सोन्यासारखे.

समजा त्यांनी नाहीच म्हटलं असतं तर? नकार लेखी मागायचा, कलमासकट. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. बऱ्याच कंपन्या तिथल्या तक्रारीला उत्तर देतात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच, म्हणजे सोलापुरातच, तक्रार दाखल करता येते, मग कंपनीचं ऑफिस कुठंही असो. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. दर उन्हाळ्यात अपडेट मारून घेत बसलात तर ही दोन वर्षं कधी संपतात ते कळतही नाही. सदोष वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याचा अधिकारही आयोगाला आहे. तिथं तुमच्या मीटरचे आकडे आणि तारखा कामाला येतात.

मॉड्यूल बदलल्यावरचा पहिला फेरा: ३७.२ युनिट, म्हणजे ९१-९२ टक्के. ४०.६ परत आले नाहीत, येणारही नव्हते. बाकीची मॉड्यूल तीन उन्हाळे पत्र्याखाली शिजलेलीच आहेत. आता गाडी कारखान्यामागच्या कडुलिंबाखाली असते. पाखरं छत खराब करतात, करू देत. पुण्याहून उन्हाचं आल्या आल्या लगेच चार्जिंगला लावत नाही, रात्री दहानंतर लावतो.

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात पुन्हा मोजलं, ३६.९ आले. मेमध्ये परत मोजणार आहे, पण त्याआधी दुसरा सब-मीटर शोधायला हवा. वहिनींनी संक्रांतीला इलेक्ट्रिक स्कूटर घेतलीय, ती त्याच सॉकेटवर लागते, आणि गेल्या महिन्यात माझ्या वहीतली दोन रीडिंग त्यामुळे वाया गेली.